डॉक्टरच आजारी पडतो तेव्हा

महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला वाणीचे अपंगत्व ४० टक्क्यांहून अधिक असल्याच्या कारणावरून वैद्यकीय प्रवेश नाकारण्यात आला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसती टक्केवारी पुरेशी नाही; तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय, हे मंडळाने पाहावे आणि कारणे नोंदवावीत. खंडपीठाचे अध्यक्ष न्या. भूषण गवई हे अमरावतीचे, ही वऱ्हाडला अभिमानाची गोष्ट.

हा न्याय दाराशी उभ्या असलेल्यास मिळाला. आत गेल्यावर, परवाना हाती असताना जो आजारी पडतो, त्याचे काय?

अकोल्यासारख्या शहरात मनोविकारतज्ज्ञाकडे बसलेला डॉक्टर लपत नाही. शेजारच्या बाकावर त्याचाच रुग्ण असावयाचा, तज्ज्ञ बहुधा सहाध्यायी, आणि औषधविक्रेता तर रोजच्या ओळखीचा. मग तो आपली चिठ्ठी आपणच लिहितो. याच जिल्ह्यांत खचलेला शेतकरी ओळखून त्यास उपचारापर्यंत नेण्यासाठी शासनाने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला. डॉक्टरची अशी विचारपूस कोण करणार?

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी व्याख्याने, परिषदा यांचे गुण जमवावे लागतात. ज्ञान ताजे राहावे हा हेतू रास्तच. परंतु जी संस्था परवाना काढून घेऊ शकते, तिच्यापुढे मन मोकळे करावयास कोण धजेल?

रुग्णांच्या सुरक्षिततेचे काय, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. मद्याने हात कापणाऱ्याने शस्त्रक्रिया करू नयेच. पण आजार म्हणजे अपात्रता नव्हे. औषध घेऊन सावरलेल्यापेक्षा भीतीने लपविणाराच अधिक धोक्याचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि इतरांना अपाय होण्याचा संभव असल्यास त्याला अपवादही ठेवला आहे.

लंडनमध्ये २००८ साली डॉक्टरांसाठी गोपनीय उपचारसेवा सुरू झाली. पुढे ती साऱ्या इंग्लंडात पोहोचली. डॉक्टर तेथे स्वतः होऊन जातो, आणि ती सेवा परवाना देणाऱ्या परिषदेहून अलग आहे. अमरावतीच्या डॉक्टरास पुण्याचा, अकोल्याच्या डॉक्टरास मुंबईचा तज्ज्ञ दूरध्वनीवर मिळावा, इतके येथेही अशक्य नाही. खर्च नूतनीकरणाच्या शुल्कातून व्हावा. नावे मात्र परिषदेस कळू नयेत.