डोळा आणि उजेड : लेखांक चौथा – भर उन्हातले दर्शन

गेल्या आठवड्यात आपण काळोखात चाचपडणाऱ्या डोळ्याचा विचार केला. आता त्याच डोळ्याला भर दुपारच्या उन्हात आणून उभे करावयाचे आहे. पौर्णिमेच्या चांदण्याहून मध्यान्हीचे ऊन चार लाखपटींच्या आसपास प्रखर असते, आणि तरीही ज्या डोळ्याने रात्री अंगणातली तुळस ओळखली, त्याच डोळ्याने दुपारी आपण पोथी बिनदिक्कत वाचतो. या अफाट फरकाचा बंदोबस्त बाहुली करते असा सार्वत्रिक समज आहे. परंतु तिचा व्यास फार तर ८ मिलिमीटरांवरून २ मिलिमीटरांवर उतरतो, म्हणजे आत शिरणारा प्रकाश ती जेमतेम सोळाव्या हिश्शावर आणते. उरलेला सारा कारभार दृष्टिपटलाकडे असून, दंडपेशींचे रात्रीचे खाते बंद करून शंकुपेशींच्या हाती दफ्तर सोपविणे, आणि त्या पेशींनी आपली संवेदनशीलता उजेडाच्या मानाने उतरवून घेणे, हे तेथेच घडते.

बाहुलीचे खरे महत्त्व निराळेच आहे. ती आकुंचित झाली की नेत्रभिंगाच्या कडेचा सदोष भाग वगळला जातो आणि केवळ मध्यभागातून आलेल्या किरणांनी उमटलेली प्रतिमा रेखीव होते. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ चष्मा न लावता औषधाच्या बाटलीवरील बारीक मजकूर वाचू लागला, तर ट्यूबलाइटखाली त्याला ती सरसकट काळी रेघ भासते, आणि बाटली गॅलरीत उन्हात नेताच त्याच रेघेतून अक्षरे सुटी होऊन उभी राहतात, ती यामुळे.

साडी दुकानाच्या दाराशी नेऊन पाहण्याचा गिऱ्हाइकाचा हट्टही असाच रास्त आहे. ट्यूबलाइटमध्ये निरनिराळ्या रंगांच्या लहरी सूर्यप्रकाशातल्या प्रमाणात नसतात. सबब साडी आणि ब्लाउजपीस, निराळ्या रंगद्रव्यांत रंगलेली असल्यास, दुकानात तंतोतंत जुळतात आणि रस्त्यावर येताच एकमेकींशी फटकून वागू लागतात.

येथवर उजेडाची बाजू झाली. आता त्याच्याविरुद्धची फिर्याद ऐकली पाहिजे. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला काळवंडलेला दिसतो, कारण एक तर डोळा खिडकीच्या झगझगाटाशी जुळवून घेतो, आणि दुसरे असे की, तो झगझगाट डोळ्याच्या आतच विखुरला जाऊन प्रतिमेवर पांढुरका पडदा पसरतो. मोतीबिंदू धरू लागलेल्या डोळ्यात तर हा पडदा फारच दाट होतो. रस्त्याने येणारी व्यक्ती ओळखण्यासाठी आपण कपाळावर आडवा हात धरतो, त्या हाताने समोरच्या माणसावरचा प्रकाश तसूभरही वाढत नाही. फक्त परस्पर डोळ्यात घुसणारा उजेड अडतो, आणि तेवढ्यानेच 'कोणीतरी' होता तो शेजारचा तात्या होतो! दिशेचाही प्रश्न आहेच. मे महिन्याच्या मध्यास पुण्यामुंबईकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, तेव्हा कपाळ चकाकते आणि डोळ्यांच्या खोबणी अंधारात बुडतात; जाणता छायाचित्रकार त्या वेळी कॅमेरा बाहेर काढीत नाही.

या दोन्ही अडचणींचा निकाल शस्त्रक्रियागृहात जितक्या विचारपूर्वक लावलेला आढळतो तितका क्वचितच अन्यत्र लागला असेल. तेथील मोठ्या दिव्यातून प्रकाश अनेक बाजूंनी एकाच जागी येतो, त्यामुळे शल्यविशारदाच्या हाताने एका बाजूचा किरण अडविला तरी दुसऱ्या बाजूचे ती जागा उजळीत राहतात. पण दिवे प्रखर झाले तसे भोवतालचे शुभ्र कापडच डोळे दिपवू लागले. शिवाय लाल रक्ताकडे फार वेळ पाहून दृष्टी पांढऱ्यावर गेली की तेथे हिरवट डाग तरळत. सॅन फ्रॅन्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी १९१४ च्या सुमारास दिवा मंद न करता कापडाचाच रंग बदलून तो पालकाच्या भाजीसारखा गडद हिरवा केला. हिरव्या पार्श्वभूमीवर ते डाग मिसळून जातात आणि जखमेतील बारीकसारीक भेद पुन्हा उठून दिसतात. शस्त्रक्रियागृहातले डॉक्टर आजही हिरव्या किंवा निळ्या वस्त्रांत वावरतात, त्याचा उगम या तजविजीत आहे.