मिशा लांब की आखूड?

पाऊस सुरू झाला की रात्री दिव्याजवळ काय काय येऊन पडते! वाळवीचे पंखवाले किडे येतात, भुंगे येतात, पतंग येतात. त्यांतच एखादा टुणकन उडी मारतो आणि थेट भाकरीच्या टोपलीत पडतो. पोरे ओरडतात, "नाकतोडा आला, नाकतोडा!" म्हातारी म्हणते, "नाकतोडा कसला रे, रातकिडा तो." तिसरा म्हणतो, "टोळ असेल." तिघांत खरे कोणाचे?

घरात हा वाद हसण्यावारी जातो. शेतात मात्र तसे चालत नाही. भाताच्या खाचरात हिरवा किडा उड्या मारताना दिसला, तर तो पीक खाणारा आहे की पिकाच्या शत्रूला खाणारा आहे, हे कळायला हवे. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा की नाही, हे त्यावर ठरते. औषधाला पैसा पडतो आणि ते औषध म्हणजे विषच असते. तेव्हा ओळख पक्की हवी.

आधी मागचे पाय बघा. नाकतोडा, टोळ, रातकिडा ही सारी एका मोठ्या कुळातली मंडळी. या कुळाचे मागचे पाय लांब असतात आणि मांडी चांगली जाड असते. उडीचा सगळा जोर तिथे. ज्याची मागची मांडी जाड नाही, तो या कुळातला नाही. खंडोबाचा किडा पुष्कळांना नाकतोडाच वाटतो. तोही हिरवा, तोही लांबोडका. पण त्याचे मागचे पाय काडीसारखे बारीक असतात आणि पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे दुमडलेले असतात. त्या पायांना काटे असतात. त्यात तो माश्या, अळ्या आणि कधी कधी नाकतोडेसुद्धा पकडून खातो. त्याला मारू नका. फुकटचा राखणदार आहे तो.

मागचे पाय पटले, की मग मिशा बघा. डोक्यावर दोन मिशा असतातच. त्या अंगापेक्षा आखूड आणि जरा जाडसर असल्या, तर तो नाकतोड्याच्या जातीचा. दोऱ्यासारख्या बारीक आणि अंगाइतक्या किंवा अंगाहूनही लांब असल्या, तर तो दुसऱ्या जातीचा. या दुसऱ्या जातीत रातकिडे आले आणि लांब मिशांचे हिरवे नाकतोडेही आले. मिशांची ही खूण रंगापेक्षा भरवशाची. रंगावर जाऊ नका. एकाच जातीचा किडा हिरव्या गवतात हिरवा आणि वाळल्या गवतात पिवळट असू शकतो.

आता भाताचे घ्या. भातावरचा नाकतोडा दीड-दोन इंच लांब, हिरवा, मिशा आखूड. त्याच्या मानेच्या पाठीवर आडव्या काळ्या रेघा असतात. तो पाने कडेकडेने कुरतडतो. लोंबी निसवायच्या वेळी दांडाही तोडतो, आणि मग लोंबी पांढरी पडते. हा खरा चोर. पण त्याच खाचरात दुसराही एक हिरवा उड्या मारत असतो. तो अंगाने सडपातळ, आणि मिशा एवढ्या लांब की मागे वळवल्या तर पंखांच्याही पलीकडे जातील. हा अधूनमधून भाताचे पान चावतो, ते खरे. पण खोडकिडा पानावर अंडी घालतो ना, ती अंडी हा शोधून शोधून खातो. फुलोऱ्यातले दाणे चोखणाऱ्या ढेकण्यांची अंडीही खातो. दोघांना एकाच विषाने मारले, तर चोराबरोबर पोलीसही मेला. पुढच्या महिन्यात खोडकिडा वाढला, तर नवल नाही.

एक गंमत सांगतो. या किड्यांचे कान डोक्यावर नसतात. आखूड मिशांच्या नाकतोड्याचे कान कमरेजवळ, पंखांच्या खाली असतात. रातकिड्याचे आणि लांब मिशांच्या नाकतोड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली असतात! एखादा मोठा रातकिडा सापडला, तर त्याचा पुढचा पाय उजेडात धरून बघा. बारीकसा चकचकीत ठिपका दिसेल. तोच कान.

कान आहेत ते कशाला? गाणे ऐकायला. गातो फक्त नर आणि तो तोंडाने गात नाही. रातकिड्याच्या एका पंखाखाली बारीक दात असलेली शीर असते, लोहाराच्या कानशीसारखी. दुसऱ्या पंखाची कड तिच्यावर घासली की किर्र असा आवाज निघतो. मादी तो आवाज ऐकून येते. आखूड मिशांचे नाकतोडे, म्हणजे त्यांतले जे आवाज करतात ते, मागचा पाय पंखावर घासतात. म्हणून त्यांचा आवाज कोरडा, खसखस असा येतो आणि बहुधा दिवसा येतो. थंडी पडली की रातकिड्याचा आवाज सावकाश होतो, उकाड्यात भरभर होतो. आश्विनात ऐकून ठेवा आणि पौषात पुन्हा ऐका, फरक कळेल.

झाडावर राहणारा एक फिकट, नाजूक रातकिडा तर फारच हुशार. तो झुडपाच्या पानाला चावून मधोमध भोक पाडतो, त्या भोकात अर्धे अंग घालतो आणि पंख पानाला टेकवून गातो. पान ध्वनी अडवते आणि आवाज मोठा होतो. हे किडे दक्षिण भारतात आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली छापून दाखवले, की अंगाने लहान आणि आवाजाने बारीक असलेले नर ही युक्ती जास्त करतात. ज्याचा गळा मोठा, त्याला भोंगा कशाला हवा?

मात्र रानात वैशाख-ज्येष्ठात, भर दिवसा, झाडांवरून कानठळ्या बसतील असा जो कर्कश आवाज येतो, तो रातकिड्याचा नव्हे. तो किडा वेगळ्याच कुळातला. त्याचे पंख काचेसारखे, डोळे दोन बाजूंना टपोरे, आणि तोंडाच्या जागी सोंड. ती झाडात खुपसून तो रस पितो. त्याला उडी मारायचे जाड पाय नाहीत. आवाज पोटातल्या पडद्यातून येतो. पुष्कळ ठिकाणी त्यालाही रातकिडाच म्हणतात. म्हणू द्या, पण ओळख ठेवा.

रातकिडा ओळखणे सोपे. अंग चपटे, डोके गोल, रंग काळा किंवा तपकिरी, पंख पाठीवर सपाट आणि कडेला काटकोनात दुमडलेले, पेटीच्या झाकणासारखे. मागे दोन शेपट्या असतात. दोनच असल्या तर नर. दोन शेपट्यांच्या मधे सुईसारखी तिसरी असली तर मादी. ती सुई मातीत खुपसून ती अंडी घालते. शेतात ढेकळाखाली एक काळा कुळकुळीत रातकिडा सापडतो. त्याच्या पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके असतात. घरात येतो तो बहुधा फिकट तपकिरी. तो सांडलेले दाणे, उष्टे-खरकटे खातो, क्वचित कपडा कुरतडतो. चावून माणसाला इजा करत नाही. घरात रातकिडा ओरडला म्हणून वाईट होते, असे मानायला काही आधार नाही. त्या बिचाऱ्याला बायको हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या रातकिड्यांचाच एक भाऊबंद जमिनीत राहतो. त्याचे पुढचे पाय बघून हसू येते. फावड्यासारखे रुंद, दातेरी. अंगावर मखमलीसारखी लव. ओल्या जमिनीत, रोपांच्या वाफ्यात तो बिळे करतो, मुळे तोडतो. रोप सकाळी मान टाकून पडलेले दिसते. वाफ्यात पाणी भरले की हा धडपडत वर येतो, आणि मग बगळे त्याची वाट बघतच असतात.

आता टोळाचे बोलू, कारण भीती त्याचीच मोठी. टोळ हा नाकतोडाच. मिशा आखूड, दोन-तीन इंच लांब, पंखांवर तपकिरी ठिपके. एकेकटा असतो तेव्हा तो मातकट रंगाचा आणि भित्रा असतो. वाळवंटात पाऊस झाला, अंडी पुष्कळ उबली आणि पिले दाटीवाटीने वाढली, की त्यांचा स्वभावच बदलतो. रंग बदलतो आणि ती थव्याने चालू लागतात. वेगळे दिसणारे हे दोन किडे एकाच जातीचे आहेत, हे उवारोव्ह या शास्त्रज्ञाने १९२१ साली मांडले. थव्यातला तरुण टोळ गुलाबी दिसतो, वयात आला की पिवळा होतो. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात, म्हणजे सुमारे अडीचशे एकरांत, ४ ते ८ कोटी टोळ मावतात. एवढा थवा एका दिवसात ३५ हजार माणसांच्या अन्नाइतके खातो. पिकाला काय उरणार?

२०२० च्या मे महिन्यात राजस्थान, मध्य प्रदेश असे करत हे थवे विदर्भात अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत आले. लोकांनी डबे, थाळ्या वाजवल्या. टोळ दिवसा उडतो आणि रात्री झाडांवर बसतो, म्हणून फवारणी रात्री आणि पहाटे केली. त्याच दिवसांत दूर तामिळनाडूत, कृष्णगिरी जिल्ह्यात, एका गावच्या रुईच्या झुडपांवर नाकतोड्यांचा गोतावळा दिसला आणि टोळधाड आली म्हणून घबराट झाली. शेतकी खात्याच्या लोकांनी जाऊन पाहिले, तर ते टोळ नव्हते.

रुईवरचा हा नाकतोडा आपल्याकडेही पुष्कळ. तुम्ही मारुतीच्या हारासाठी रुईची पाने तोडायला जाल, तेव्हा भेटेल. अंगावर पिवळे आणि निळे-हिरवे पट्टे, जणू कुणी रंगवलाय. पिले पिवळट असतात, अंगावर काळ्या रेघा आणि लाल ठिपके. हा फारसा उडत नाही. माणूस जवळ आला तरी जागेवरच बसून राहतो. का राहणार नाही? रुईचा चीक विषारी, आणि तीच पाने खाऊन हा वाढतो. पिलाला चिमटीत धरले की पाठीवरून चिळकांडी उडवते. ती डोळ्यांत गेली तर त्रास होईल. पोरांना सांगून ठेवा. रुई सोडून तो इतर पिकांवर क्वचित जातो. त्याच्यासाठी सगळ्या शिवारात विष मारायचे कारण नाही.

पिलांवरून एक सांगायचे राहिले. नाकतोड्याला अळी नसते, कोश नसतो. अंड्यातून निघते ते पिलू बापासारखेच दिसते, फक्त पंख नसतात. पाच-सहा वेळा कात टाकली की पंख पुरे होतात. म्हणून बिनपंखांचा दिसला की तो लहान आहे असे समजा. एक मात्र अपवाद आहे. धारवाड, चित्रदुर्गकडच्या ज्वारीवर येणारा दख्खनचा नाकतोडा म्हातारा झाला तरी त्याला उडण्याजोगे पंख येत नाहीत.

पंख फुटण्याआधीच नाकतोडा आवरता येतो. पूर्वी त्याच्यावर बीएचसीची भुकटी धुरळत. तिचे विष जमिनीत टिकून राहते, वैरणीतून दुधात उतरते. १९९७ सालापासून आपल्या देशात तिच्यावर बंदी आहे. जुन्या घरात कुणाकडे पुडा उरला असेल तर तो वापरू नये, आणि ओढ्यातही टाकू नये.

त्यापेक्षा खर्चाविना होणारे काम आहे. भातावरची नाकतोड्याची मादी कापणीच्या सुमाराला बांधात शेपूट खुपसते आणि दोन-तीन इंच खोल अंडी घालते. एका ठिकाणी तीस-चाळीस अंडी, वर फेस. फेस वाळून मातीची पुडी होते. ती पुडी हिवाळा, उन्हाळा तशीच राहते आणि जूनचा पाऊस पडला की फुटते. पिले आधी बांधावरच्या गवतावर वाढतात, मग खाचरात उतरतात. म्हणजे सात-आठ महिने सारा वंश बांधातच असतो! उन्हाळ्यात बांधाच्या कडा फावड्याने तासा, खाचर नांगरा. शेंगेएवढ्या मातीच्या पुड्या वर येतील. एखादी फोडून बघा. आत पिवळट अंडी तांदळासारखी रचून ठेवलेली दिसतील. बाकीच्या उन्हात पडू द्या. तुम्ही पुढे सरकलात की मागे साळुंक्या उतरतील, त्यांना काही सांगावे लागत नाही. शेजाऱ्यालाही त्याच आठवड्यात त्याचा बांध तासायला सांगा. नाकतोड्याला तुमची हद्द नि त्याची हद्द कळत नाही.