संवर्धनातील चेतापेशींची ओळख

परिपक्व चेतापेशी विभाजित होत नाहीत; त्यामुळे मानवी चेतापेशी प्रयोगशाळेत मिळविणे दीर्घकाळ कठीण होते. २००७ मध्ये शिन्या यामानाका यांच्या गटाने मानवी त्वचापेशींना मूलपेशींसारखी अवस्था प्राप्त करून दिली. अशा पेशींपासून आता चेतापेशी घडविता येतात. परंतु बशीत लांब तंतू फुटलेली प्रत्येक पेशी चेतापेशी असतेच असे नाही. म्हणून विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी, प्रकाशमान रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे वापरतात. ‘मॅप-२’ हे प्रथिन चेतापेशी दर्शविते, तर ‘जीएफएपी’ तारकापेशी. मात्र चेतापेशींना जन्म देणाऱ्या काही पूर्वज पेशींतही ‘जीएफएपी’ आढळते. तेव्हा एकाच खुणेवर विसंबता येत नाही. पेशी विद्युत्-आवेग निर्माण करते का, हेही तपासावे लागते. ओळख चुकली, तर औषधाचा परिणाम भलत्याच पेशीवर मोजला जातो.