३ मिनिटं २० सेकंद, ४५ जीबी

घराघरांत पडून असलेलं सुपर ८चं रीळ ५० फुटांचं असतं. एका फुटात ७२ फ्रेम, म्हणजे सगळ्या मिळून ३,६००. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने रीळ ३ मिनिटं २० सेकंदांत संपतं. आता यातली प्रत्येक फ्रेम २०४८ बाय १५३६ पिक्सेलमध्ये, १० बिट रंगांत स्कॅन करा आणि कॉम्प्रेस न करता डीपीएक्स फायलींत ठेवा. एका फ्रेमला १२.६ एमबी लागतात, अख्ख्या रिळाला ४५ जीबी.

त्याच रिळाची सेकंदाला १० मेगाबिटची एमपी४ फाइल २५० एमबीत बसते, म्हणजे मूळच्या १८०व्या हिश्श्यात. मोबाइलवर ती छान दिसते, म्हणून बहुतेक जण तेवढीच घेऊन घरी जातात. मला याचंच वाईट वाटतं. नेहमीच्या एमपी४मध्ये रंगांच्या चार नमुन्यांपैकी तीन सुरुवातीलाच टाकून दिले जातात. १० बिटांत १०७ कोटी रंगछटा मांडता येतात, ८ बिटांत जेमतेम १ कोटी ६७ लाख. शिवाय फिल्मचा ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो. फ्रेमा-फ्रेमांतलं साम्य हेरून जागा वाचवणारा कोडेक त्याला पुसून टाकतो. जुनं रीळ कधीकधी गुलाबी पडलेलं असतं. रंग सुधारायला घेतले की अशा फायलीत आकाशाचे पट्टे पडतात, चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात.

जागा वाचवायला दुसरा मार्ग आहे. एफएफव्ही१ हा कोडेक एकही बिट न गमावता फाइल बरीच लहान करतो. प्रोरेस ४२२ एचक्यू थोडं गमावतो, पण १० बिट राखतो. एचडी आकारात आपलं रीळ त्यात साधारण ३.३ जीबी होतं.

वेगाकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. १८ फ्रेमचं रीळ टीव्हीसाठी २५वर नेताना ३,६०० फ्रेमच्या ५,००० होतात. त्यातल्या १,४०० नुसत्या पुनरावृत्ती असतात. एकदा त्या मिसळल्या की पुढे संकलन करणाऱ्याचे हाल होतात. वेग बदलला की लांबीही किती बदलते पाहा : दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे ५९,२०० फ्रेम. सेकंदाला १६ने चालवला तर तासाहून जास्त, २४ने चालवला तर ४१ मिनिटं! पूर्ण चित्रपट आज उरलेला नाही. असता, तर ४०९६ बाय ३११२च्या स्कॅनमध्ये ७५ हजार कोटींहून अधिक पिक्सेल भरले असते, जवळपास ३ टीबी.

घरच्या रिळांना इतकी जागा लागत नाही. अशी २० रिळं कॉम्प्रेस न करताही ९०० जीबीत, म्हणजे १ टीबीच्या एका डिस्कमध्ये मावतात. म्हणून रिळं स्कॅनिंगला देताना कागदावर स्पष्ट लिहून द्या : मास्टर, म्हणजे जपून ठेवायची मूळ फाइल, एफएफव्ही१ किंवा निदान प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये, १० बिट, मूळ वेगात, एकही फ्रेम न वाढवता, पाहण्यासाठी एमपी४ वेगळी. मास्टरपासून एमपी४ कधीही काढता येते, एमपी४पासून मास्टर निघत नाही. आणि डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, कारण फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. तशा दोन डिस्क करा आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा.