पुरःस्थ ग्रंथीचे जुने दुखणे

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून इतिहास, अर्थकारण, वाङ्मय अशा विषयांवर बोलण्याची आपली परंपरा आहे. तीत लघवीच्या जागेच्या दुखण्यावर कोणी बोलू लागला, तर काहींना ते चमत्कारिक वाटेल. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून असेच विषय मराठीत उघडपणे मांडले. वाचकांच्या खाजगी शंकांना छापून उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ साली त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्याविषयीच अज्ञान अधिक माजते, म्हणून आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे ज्याला आपण प्रोस्टेट म्हणतो ती, फक्त पुरुषांना असते. आकार अक्रोडाएवढा. मूत्राशयाच्या तोंडाशी ती बसलेली असते आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. म्हातारपणी ही ग्रंथी वाढते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. आजचे दुखणे त्याहून निराळे आहे. ते तिशी-चाळिशीतल्या माणसालाही गाठते.

लक्षणे अशी : वृषण व गुदद्वार यांच्या मधल्या जागी ठणका, ओटीपोटात किंवा शिश्नाच्या टोकाशी दुखणे, लघवीला वारंवार जावे लागणे, होऊनही पूर्ण न झाल्यासारखे वाटणे, आणि वीर्यस्खलनाच्या वेळी किंवा नंतर वेदना. कधी महिनाभर बरे वाटते, पुन्हा उचल खाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली बोलावलेल्या बैठकीत या विकाराचे चार वर्ग ठरले. पहिला, जंतूंमुळे एकाएकी होणारा दाह. यात थंडी वाजून ताप येतो, लघवी तुंबते. येथे त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे. दुसरा, जंतूंचाच पण जुनाट. तोच जंतू लघवीत पुन्हापुन्हा सापडतो. तिसरा, जुनाट वेदनेचा. तपासणीत जंतू सापडत नाही, तरी तीन महिने वा अधिक काळ दुखणे असते. चौथा, काहीच त्रास नसताना दुसऱ्या तपासणीत सहज आढळणारा दाह. त्याला सहसा उपचार लागत नाही. दुखणे घेऊन येणाऱ्या दर दहा रुग्णांपैकी नऊजण तिसऱ्या वर्गातले असतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मग जंतू नाहीत, तर दुखते का? ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू पसरलेले आहेत. आपण हाताची मूठ दिवसभर आवळून धरली तर हात दुखेल की नाही? तसेच या स्नायूंचे होते. एखादा जुना जंतुदोष, इजा, दीर्घ काळचे बसणे किंवा मनावरचा ताण यांनी ते आवळले जातात. आवळल्याने दुखते, दुखण्याने भीती वाटते, भीतीने ते अधिक आवळतात. या चक्रात मज्जातंतूही हळवे होतात आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून कळू लागतो. वेदना खरी असते. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणे हा अन्याय होय.

आपल्या वाडीचाच विचार करा. अमरावती रस्त्यावर ट्रान्सपोर्टची गोदामे आहेत. ट्रकचालक बारा-बारा तास आसनावर बसतो, लघवी रोखून धरतो आणि वाटेत थांबावे लागू नये म्हणून पाणीही कमी पितो. वर नागपूरचा मे महिना. लघवी दाट होते, जळजळ वाढते. त्यावर झणझणीत सावजी रस्सा किंवा दारू झाली, की काहींचा त्रास उसळतो. सर्वांनाच असे होते असे नाही. ज्याला होते त्याने आपले आपण ताडून पाहावे.

याहून मोठे नुकसान अज्ञानाने होते. धातू जाण्याची भीती आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली तिला ‘धात’ या नावाने वैद्यकात स्थान दिले. दुखणेकरी गुप्तरोगाच्या तंबूत पैसे घालवतो, किंवा औषधाच्या दुकानातून स्वतःच जंतुनाशके आणून महिनोन्‌महिने खातो. जंतूच नसतील तर त्यांचा उपयोग काय? शिवाय या गोळ्यांपैकी काहींनी स्नायुबंधांना इजा होते आणि जंतू निर्ढावतात, ते निराळेच.

म्हणून प्रथम तपासणी करावी. लघवी तपासावी, तिचे जंतुसंवर्धन करावे, मधुमेह पाहावा; मुतखडा आणि आपल्याकडे क्षयही नाही ना, याची खात्री करून घ्यावी. लघवीतून रक्त जात असेल तर दिरंगाई नको. दाहामुळे रक्तातील पीएसए वाढलेले दिसते, तेवढ्यावरून कर्करोगाच्या धास्तीने हातपाय गाळू नयेत; डॉक्टर ती तपासणी पुन्हा करवतील.

उपचार एकच एक नसतो. डॉक्टर मूत्रमार्ग सैल करणारी किंवा वेदनाशामक औषधे देतात. भौतिकोपचार जाणणारा तज्ज्ञ तळाचे स्नायू सैल करावयास शिकवतो. हे स्नायू आवळण्याचे व्यायाम मात्र कोणाच्या सांगण्यावरून करू नयेत. आधीच आवळलेल्याला ते मारक ठरतात. घरी करण्याजोगे पुष्कळ आहे : सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटे बसणे, रोज भरभर चालणे, तासातासाने उठणे, बद्धकोष्ठ होऊ न देणे, पोट फुगवून संथ श्वास घेणे. गुण यावयास आठवडे नव्हे, महिने लागतात.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. हा दाह कर्करोगात बदलतो, असे दिसून आलेले नाही. तिसऱ्या वर्गाचे दुखणे पत्नीला लागत नाही आणि ते कोणत्याही दुर्वर्तनाची खूण नाही. नवरा अबोल झाला, चिडू लागला, शरीरसंबंध टाळू लागला, तर त्यामागे अशी वेदना असू शकते. त्याने ती बोलून दाखवावी आणि तिने संशय न धरता ऐकावी. औषधाच्या बरोबरीने या मोकळेपणाचाही गुण येतो.