हायपो की हायपर? नर्सिंगच्या मुलींसाठी शब्दांची किल्ली

बारावीनंतर आपल्या घरांतल्या मुली जीएनएम, एएनएमकडे वळताहेत, ही आनंदाची बाब आहे. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच काहीजणी रडवेल्या होऊन आमच्याकडे येतात. "मॅडम, उर्दू मीडियममधून गेलो, ही इंग्रजी नावं पाठच होत नाहीत. कोर्स सोडून देऊ का?" आम्ही सांगतो, बेटा, पाठ करू नको, शब्दाची फोड करायला शीक.

बेहोश, बेखबर, बेघर यांतला 'बे' म्हणजे 'विना', हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. वैद्यकीय शब्दही असेच जोडलेले असतात. बहुतेक तुकडे ग्रीक-लॅटिन आहेत, पण सगळंच परकं नाही. मेंदूवरच्या आवरणाला 'ड्युरा मेटर' म्हणतात. त्यातलं 'मेटर' म्हणजे आई, आणि तो अरबी 'उम्म'चा लॅटिन तर्जुमा आहे.

मधला तुकडा बहुधा अवयव सांगतो. कार्डि म्हणजे हृदय, हिपॅट म्हणजे लिव्हर, नेफ्र म्हणजे किडनी, गॅस्ट्र म्हणजे जठर. शेवटचा तुकडा काय झालं ते सांगतो. आयटिस म्हणजे सूज, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं, युरिया म्हणजे लघवीत. आता जोडून बघा: हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरची सूज, नेफ्रेक्टॉमी म्हणजे किडनी काढणं. हिमॅट म्हणजे रक्त, म्हणून हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त जाणं.

पुढचा तुकडा प्रमाण किंवा वेग सांगतो. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. सगळ्यात मोठा घोटाळा या शेवटच्या जोडीत होतो. समजा, रमजानमध्ये मधुमेहाचा पेशंट घामाघूम, थरथरत आला आणि साखर ७० च्या खाली निघाली. हा हायपोग्लायसेमिया. त्याला ताबडतोब साखर हवी. इथे कुणी 'हायपर' ऐकून इन्सुलिन टोचलं तर जीवावर बेतेल. आम्ही मुलींना एक युक्ती देतो: हायपर म्हणजे भरपूर, हायपो म्हणजे पोकळ.

चिठ्ठीवरची अक्षरं तर घरच्यांनीही शिकावीत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. ऑपरेशनआधी पलंगाला एनबीएमची पाटी असते आणि नातेवाईक मायेने चहा पाजतात. भूल दिल्यावर उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून डॉक्टर किंवा सिस्टरने सांगितल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा देऊ नका.

मुलींनो, वहीत तीन रकाने पाडा: पुढचा, मधला, शेवटचा. रोज फक्त पाच तुकडे लिहा, महिन्यात दीडशे होतील. वॉर्डात तोंडी ऑर्डर मिळाली तर ती परत म्हणून दाखवा, आणि शंका असेल तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता दिलेलं इंजेक्शन मात्र परत काढून घेता येत नाही.

आणि आईवडिलांना एवढंच सांगणं, पोरगी पहिल्या परीक्षेत अडखळली म्हणून तिला घरी बसवू नका. भाषा अडते ती काही महिने. हातातलं हुनर जन्मभर सोबत राहतं.