दूध डेअरीत गेले, घरात काय उरले?

पहाटे धारा काढून झाल्या की दूध डेअरीत जाते. दहा दिवसांनी त्याचा पगार येतो आणि त्यावर किराणा, मुलांची फी, पेंडीची उधारी भागते. दूध विकू नका, असे मी म्हणणार नाही. पण आपल्या घरात वाटीभर दही कोणाच्या ताटात पडते आणि कोण कोऱ्या चहावर दिवस काढते, एवढे एकदा नीट पाहा. बहुतेक घरांत ती सगळ्यांच्या मागून जेवणारी सून असते. आज मला होमोसिस्टीन नावाच्या पदार्थाबद्दल सांगायचे आहे आणि त्याचा या वाटीशी जवळचा संबंध आहे.

डाळी, दूध, अंडी यांच्या प्रथिनांत मेथिओनीन नावाचा घटक असतो. शरीराने तो वापरला की मागे होमोसिस्टीन उरते. गोठ्यातले शेण रोज उचलले तर त्याचे खत होते. तसेच साचू दिले तर जनावरांचे खूर सडतात. इथे शेण उचलणारे दोन गडी आहेत, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व ब-१२. ते दोघे मिळून होमोसिस्टीनचे पुन्हा मेथिओनीन करतात. ब-६ हा तिसरा गडी त्याला दुसऱ्या वाटेने लावतो. गडी कमी पडले की ते रक्तात साचते. एका लिटरला साधारण ५ ते १५ मायक्रोमोल हे प्रमाण ठीक समजतात.

१९६९ साली किल्मर मॅककली या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले, की जन्मजात दोषामुळे ज्या बालकांच्या रक्तात हा पदार्थ फार वाढतो, त्यांच्या रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कठीण झालेल्या असतात. पुढे असे आढळले, की प्रमाण जास्त असणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे अधिक दिसते. गरोदरपणी ते वाढलेले असले तर कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा संभव वाढतो. मात्र २००६ साली परदेशातील दोन मोठ्या प्रयोगांत जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरले, तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. म्हणून केवळ झटक्याच्या धास्तीने महागड्या गोळ्या घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मात्र हा वाढलेला आकडा बहुधा ब-१२ च्या कमतरतेची खूण असतो, आणि ती कमतरता स्वतःच घातक आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे सगळे होते. शंभरातल्या ६७ जणांना ब-१२ कमी होते आणि ५८ जणांचे होमोसिस्टीन १५ च्या वर होते. शाकाहारी माणसांत ब-१२ कमी असण्याचा धोका चौपटीहून अधिक निघाला. ही मोजणी पुरुषांची होती. मागून जेवणाऱ्या बायका तिच्यात नव्हत्या.

ब-१२ कोणत्याही झाडपाल्यात तयार होत नाही, ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या कोटीपोटातले जिवाणू जमिनीतून चाऱ्यात आलेला कोबाल्ट वापरून ते तयार करतात. ऑस्ट्रेलियात काही भागांतली मेंढरे भरपूर चारा असूनही खंगून मरत. १९३५ च्या सुमारास समजले, की तिथल्या जमिनीत कोबाल्ट नाही. तो चिमूटभर देताच मेंढरे सुधारली. ब-१२ हाती लागले ते १९४८ साली, तेव्हा या कोड्याचा उलगडा झाला. म्हणजे तुमची म्हैस तुमच्यासाठी ब-१२ तयार करते आणि तुम्ही ते कॅनमध्ये ओतून पाठवता! मोठ्या माणसाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते; पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. दूध पुन्हा पुन्हा उकळल्याने त्यातला काही भाग जातो. दही, ताक चालते. जे खातात त्यांना अंडी, मासळी, सुकट उत्तम. शेवाळाची पूड ब-१२ साठी म्हणून कोणी विकायला आले तर त्याला वाटेला लावा. तिच्यातला बराच भाग शरीराला उपयोगी पडत नाही.

फॉलिक आम्लाची चिंता त्यामानाने कमी. ते १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले. मेथी, पालक, हरभरा, चवळी, शेंगदाणे हे आपलेच जिन्नस आहेत. फक्त पालेभाजी रटरटा शिजवून वरचे पाणी ओतून देऊ नका.

गरोदर बाईला आरोग्य केंद्रात लोह-फॉलिकच्या गोळ्या मिळतात. त्या बंद करू नका, बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी त्या हव्यातच. पण सोबत ब-१२ चे काय, हेही डॉक्टरांना विचारा. एकट्या फॉलिक आम्लाने रक्त सुधारलेले दिसते, पण ब-१२ कमी असेल तर नसांची झीज आतून चालूच राहते. डॉ. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांची पाहणी केली. ज्या मातांत फॉलिक आम्ल भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणाऱ्या खुणा अधिक दिसल्या.

हातापायांना मुंग्या येणे, अंधारात चालताना तोल जाणे, जीभ लाल होऊन झोंबणे, सतत थकवा, विसरभोळेपणा ही लक्षणे कामाच्या श्रमावर किंवा वयावर ढकलू नका. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोजची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी तर ब-१२ तपासून घ्यावेच. कमतरता मोठी असेल तर एकट्या दुधाने भागत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शने लागतात.

आधी ब-१२ ची तपासणी करा. होमोसिस्टीनची तपासणी डॉक्टरांनी सांगितली तर तालुक्याला प्रयोगशाळेत जाऊन, उपाशीपोटी रक्त द्या. गावात रक्त घेऊन तासन् तास पिशवीत तसेच ठेवले, तर पेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहते आणि आकडा विनाकारण वाढलेला येतो.